शरदातले सण आणि घरातली चिल्लीपिल्ली : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सातारचं, सासर जळगावचं आणि संसार पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. थोरली सात वर्षांची, धाकटा साडेतीनचा. पितृपक्ष सरत आला की शाळेच्या फाटकावर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि जावेच्या फोनवर तेच तेच प्रश्न सुरू होतात. दरवर्षी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. मी शास्त्र-पंचांगातली जाणकार नाही. घरात दोन लहान मुलं असताना काय जमतं आणि काय फसतं, एवढंच मला ठाऊक आहे.

शरद ऋतू म्हणजे नक्की कधी? ऑक्टोबरात तर घामाच्या धारा लागतात.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. पाऊस माघारी फिरतो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, रात्री स्वच्छ चांदणं पडतं आणि दुपारी ऑक्टोबर हीट डोकं उठवते. लाल-पिवळी पानं गळणारी झाडं ही मुलांच्या इंग्रजी पुस्तकांतली. आपल्याकडे पानगळीला शिशिर यावा लागतो. थोरलीने शाळेत ‘ऑटम’ म्हणून केशरी झाड रंगवलं आणि घरी येऊन खिडकीतून बघत विचारलं, “आपलं झाड उशीर करतंय का?” तेव्हापासून आम्ही आमच्या खुणा ठरवल्यात. बाजारात झेंडूचे ढीग, घाटातल्या पठारांवर पिवळी सोनकी, शेतात भाताच्या लोंब्या आणि माळ्यावरून खाली उतरलेलं आकाशकंदिलाचं खोकं. ही चार दिसली की शरद आला.

नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी, तुळशीचं लग्न. नोकरी सांभाळून सगळं कसं करायचं?

करायचं नाही. मी पहिल्या वर्षी सगळं केलं आणि भाऊबीजेला तापाने झोपून होते. आता आमच्याकडे तीनच गोष्टी ठाम आहेत : एक भोंडला, कोजागरीचं दूध आणि दिवाळीचा किल्ला. बाकीचं जमलं तर. यादी तुमची वेगळी असेल, पण निवडताना एक बघा : मुलांच्या हाताला त्यात काम आहे का? पूजा चालू असताना ‘हात लावू नकोस, गप्प बस’ एवढंच ज्याच्या वाट्याला येतं त्या पोराला सण कंटाळवाणाच वाटणार. उलट फुलं निवडायला बसवलं की धाकटा अर्धा तास हलत नाही. निम्म्या फुलांच्या पाकळ्या होतात, ते सोडा.

आमच्याकडे घट बसतात. लहान मुलांना त्यात काय दाखवायचं?

माती आणि कोंब. घटाखालच्या काळ्या मातीत गहू, ज्वारी, मूग जे काही घालता ते मुलांच्या मुठीने घालू द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि पुढे दिवसागणिक वाढतात. आमच्या मातीची वर्षभरातली सगळ्यात भरवशाची जादू हीच. थोरली रोज संध्याकाळी पट्टी लावून मापते. मागच्या वर्षी तिनेच विचारलं, की हे पिवळे का, बाहेरचं गवत हिरवं का? देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून पानांत हरितद्रव्य तयार होत नाही, हे तिला सांगून पटेना. मग एका वाटीत तेच गहू पेरून गॅलरीत ठेवले. दसऱ्याला दोन्ही शेजारी मांडले. आजेसासूबाईंनाही ते बघून मजा वाटली.

घट बसत नसतील तरी ही वाटी पेरायला कुणाची हरकत नसावी.

भोंडला, हादगा आणि भुलाबाई हे एकच का?

भावंडं म्हणा. आमच्या घरात यावरून दरवर्षी गोड भांडण होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सातारकडे आम्ही हादगा म्हणायचो. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास, तेव्हापासून हादगा. काही ठिकाणी तो १६ दिवस चालतो. हस्त नक्षत्राचं प्रतीक हत्ती, म्हणून पाटावर हत्ती काढायचा, रांगोळीचा, धान्याचा किंवा नुसता खडूचा, आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. पुण्यात त्यालाच भोंडला म्हणतात आणि तो नवरात्राच्या नऊ दिवसांत उरकतात. खानदेशात आणि विदर्भात भुलाबाई. ती भाद्रपद पौर्णिमेला येते आणि कोजागरीला जाते, म्हणजे महिनाभराची पाहुणी. मातीच्या भुलाबाई-भुलोजींची जोडी मांडतात, पार्वती-शंकराचंच ते रूप. तिथे फेराऐवजी बसून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. सासूबाईंच्या मते भुलाबाईच खरी, कारण ती निवांत असते. त्यांच्या लहानपणी गल्लीतल्या मुली रोज घरोघर जायच्या, प्रत्येक घरी गाणी आणि प्रत्येक घरी खाऊ.

आता आमच्याकडे हत्तीच्या पाटाशेजारी भुलाबाईची जोडी बसते. कुणी विचारलं तर धाकटा सांगतो, “ते हत्तीवर बसून आले.”

घरी भोंडला घालायचा तर किती मुलं बोलवावीत?

दिवाणखान्यात आठ, गच्चीवर वीस. त्यापलीकडे फेर राहत नाही, गर्दी होते. संध्याकाळी साडेपाचला बोलवा, सातला निरोप द्या. लहान मुलांना चार गाणी पुरतात. पाचव्याला निम्मी पोरं पाटावरच्या हत्तीची सोंड पुसत असतात.

हत्ती आधी काढून ठेवू नका. पाटावर खडूने नुसती बाह्यरेषा काढा आणि मुलांसमोर तांदूळ, मसूर, हरभरा यांच्या वाट्या ठेवा. त्यांनी भरलेला हत्ती हत्तीसारखा दिसत नाही, पण त्यावर कुणी पाय देत नाही. (दोन-तीन वर्षांची पोरं नाकात डाळ घालतात. तिथे एक मोठं माणूस बसवाच.)

गाणी पाठ नसली तर आजीला पुढे करा. आजी गावाला असेल तर फोनवरून. तबकडी लावून फेर धरता येतो, पण मुलं मग गात नाहीत, नुसती फिरतात.

खिरापत काय करावी?

आधी एक सांगते : पदार्थ महत्त्वाचा नाही, ओळखणं महत्त्वाचं. झाकलेला डबा हलवायचा, ‘गोड का तिखट?’ विचारायचं, अक्षरं सांगायची. त्यामुळे पदार्थ असा हवा की तो चार वर्षांच्या पोराला ओळखता येईल, पण पहिल्या फटक्यात नाही. सुरळीच्या वड्या, लाह्यांचा चिवडा, राजगिऱ्याच्या वड्या, उकडलेली रताळी. मागच्या वर्षी शेजारणीने डब्यात पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून आणल्या होत्या. वीस मिनिटं कुणाला सांगता आलं नाही, कारण सगळे ‘पदार्थ’ शोधत होते. शेवटी तिच्याच मुलाने फोडलं.

गाण्यांतल्या सासू, नणंदा, मार, वेडा नवरा… हे मुलांना शिकवायचं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण माझंही यावर मत दोनदा बदललं.

सासुरवाशिणीची गाणी ही त्या काळच्या मुलींची तक्रारवही होती. माहेरी जाऊ का, म्हणून सून विचारते आणि सासू कारल्याचं बी पेरण्यापासून अटी घालत जाते, ते गाणं थोरलीला भयंकर आवडतं. तिच्या लेखी ते ‘आई आधी गृहपाठ म्हणते, मग दूध म्हणते, मग पसारा आवर म्हणते’ याचंच गाणं आहे. तिथे मला काही बदलावंसं वाटत नाही.

वेड्या नवऱ्याचं गाणं मात्र वेगळं. करंज्यांना होड्या समजून पाण्यात सोडणारा वेडा मुलांना हसवतो, पण शेवटच्या कडव्यात तो झोपलेल्या बायकोला मेली समजून जाळतो. लहानपणी आम्हीही ते खदखदून हसत म्हटलंय. आता मी ते कडवं म्हणत नाही, त्याच्या आधी थांबते आणि मुलांना नवीन कडवं रचायला सांगते. वेड्याने चार्जरला साप समजून काय केलं, रोबोला उंदीर समजून काय केलं. लोकगीतं अशीच वाढली असणार. सासूबाईंना हे पटत नाही. त्या त्यांच्या खोलीत पूर्ण म्हणतात.

मुलगे भोंडल्यात?

हो. धाकटा फेरात असतो, आणि खिरापतीला सगळ्यांत पुढे.

आपट्याचं पान कसं ओळखायचं? बाजारात काहीही विकतात.

खरं आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ‘सोनं’ म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास येतात. दोन्ही पानांना मधोमध खाच, दोन्ही जोडपानासारखी, त्यामुळे गफलत होते. आपट्याचं पान लहान असतं, लांबीपेक्षा रुंद, हाताला जाडसर आणि खरखरीत, मागच्या बाजूला फिकट. कांचनाचं मोठं आणि मऊ. मुलांना डोळे मिटून बोटांनी ओळखायला सांगा, दोनदा शिकवलं की चुकत नाहीत.

सोनं लुटण्याची गोष्ट सांगताना कौत्स आणि रघुराजाची सांगा. गुरू वरतंतूंनी मागितलेल्या १४ कोटी सुवर्णमुद्रा, खजिना रिकामा झालेला राजा, आणि कुबेराने झाडावर पाडलेला सोन्याचा पाऊस. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला : “मग उरलेलं सोनं कुठे गेलं?” तेच तर अयोध्येच्या लोकांनी लुटलं, की गोष्ट पुरी.

एक विनंती. ढिगाने पानं आणू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पायदळी पडलेलं सोनं बघवत नाही आणि त्यासाठी अख्ख्या फांद्या तोडल्या जातात. आम्ही माणशी एक पान मोजून आणतो. मुलांना नेमकं मोजलेलं द्यायला आवडतं, उगाच मूठभर दिलं की किंमत राहत नाही.

दसऱ्याला पाटीपूजन करायचंय, पण पाटीच नाही.

स्टेशनरीच्या जुन्या दुकानात दगडी पाटी अजून मिळते, विचारा. तिच्यावर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती मुलांना भलतीच आवडते. १ हा आकडा सुलटा, उलटा, आडवा जोडत गेलं की मूर्ती उभी राहते, चित्र म्हणून अवघड आणि आकडा म्हणून सोपं. पाटी नसेल तर वही चालेल. संगणकाला हळदकुंकू लावणारे आपण, वहीला काय लावणार नाही?

लहान मुलांना घेऊन दसऱ्याला दीक्षाभूमीवर जावं का?

१४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून असंख्य घरांचा दसरा म्हणजे दीक्षाभूमीच. माझी ऑफिसातली मैत्रीण मुलीला कडेवर घेऊन जायला लागली, आता मुलगी नववीत आहे. तिचं सांगणं असं : गर्दी प्रचंड असते, म्हणून मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद हवाच, पाणी आणि टोपी हवी, आणि स्तूपाजवळ जाण्याची घाई पहाटे लवकर करावी. मुलांसाठी खरी गंमत पुस्तकांच्या स्टॉलवर. तिच्या घरी नियम आहे, प्रत्येकाने स्वतः एक पुस्तक निवडायचं आणि स्वतः उचलून आणायचं. तिच्या मुलीचं सगळ्यात पहिलं पुस्तक रंगवायचं होतं. ते अजून जपून ठेवलंय.

कोजागरीला मुलं जागणार कशी?

जागत नाहीत. साडेनऊला गच्चीवर न्या, चंद्र दाखवा, दूध द्या, दहाला झोपवा. मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत येते तेव्हा तुम्ही उत्तर द्या.

दुधाच्या भांड्यात चंद्र पकडणं हा आमचा खेळ. मोठ्या पातेल्यात तो दिसत नाही, साय येते. ताटलीत थोडंसं दूध ओता, वारा लागणार नाही असं धरा आणि मुलाला वाकून बघू द्या. धाकट्याने ताटली तोंडाला लावून चंद्र पिऊन टाकला आणि मग रडला, की आता आकाशातला पण संपला का.

मसाला घालताना मुलांच्या वाट्याचं दूध आधी वेगळं काढा. बदाम-पिस्त्याचे काप, चारोळी हे पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतं. त्यांना बारीक पूडच. जायफळ चिमटीपेक्षा कमी. (हाच नियम दिवाळीच्या चिवड्याला : शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप काढून मगच वाटी द्या.)

कोजागरीला फक्त मोठ्या मुलाला का ओवाळतात? धाकटी रुसते.

त्याला आश्विनी म्हणतात, ज्येष्ठ अपत्याला ओवाळायची रीत. आमच्या धाकट्याने पाटावरून बहिणीला ढकललं होतं. तोडगा असा निघाला की थोरलीला मी ओवाळते आणि लगेच थोरली धाकट्याला ओवाळते. रीतही राहते आणि निरांजन हातात धरायला मिळतं म्हणून थोरलीही खूश. सासूबाई पहिल्या वर्षी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी त्यांनीच दुसरं ताम्हन पुढे केलं.

फ्लॅटमध्ये किल्ला करता येतो का?

येतो आणि करावाच. माझ्या मते मराठी घरातला लहान मुलांसाठीचा हा सर्वांत चांगला सण आहे, आणि तो कुठल्याही पोथीत नाही. गॅलरीचा दोन फूट बाय दोन फूट कोपरा पुरतो. खाली जाड प्लास्टिक, त्याच्यावर जुनं पोतं. सांडपाण्याची जाळी कापडाने झाका, नाहीतर खालच्या मजल्यावरचे वर येतात. अनुभव आहे.

आणि तो करायचा कसा?

लाल माती रोपवाटिकेत पोत्याने मिळते, एक पोतं पुरे. दगड-विटा सोसायटीत कुठेतरी असतातच, मात्र विचारून घ्या. दगड-विटांचा ढीग रचा, मध्ये पोकळी ठेवलीत की गुहा आपोआप होते. मग गोणपाट चिखलात बुडवून त्या ढिगावर अंथरा. यातच सगळं मर्म आहे. नुसती माती थापली तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, गोणपाट तिला धरून ठेवतं. दोन मोठे दगड उंच, एक बुटका, असं ठेवलं की कडे आणि माच्या तयार होतात. वरून चाळलेली माती, बुरुजांना गेरू.

हिरवळीसाठी अळीव. मोहरीही उगवते, पण उतारावरून घरंगळते. अळीव भिजवले की बुळबुळीत होतात आणि कड्यालासुद्धा चिकटून राहतात. वसुबारसेच्या पाच दिवस आधी पेरा, दिवाळीला हिरवागार डोंगर दिसतो. पाणी फवाऱ्यानेच मारा. मागच्या वर्षी धाकट्याने ‘किल्ल्याला तहान लागली’ म्हणून तांब्या नव्हे, बादली ओतली. दरबार, तोफा आणि दोन मावळे थेट गॅलरीच्या कोपऱ्यात. थोरलीने त्याला आठवडाभर शत्रुपक्षात टाकलं होतं.

कोणता किल्ला करावा?

तीन-चार वर्षांच्या मुलाला कोणताही डोंगर चालतो, गुहेत वाघ हवा. सहाच्या पुढे खरा किल्ला घ्या. सगळ्यात सोपा सिंधुदुर्ग : परातीत पाणी, मध्ये बेट, भोवती तट. मालवणच्या समुद्रातल्या कुरटे बेटावर महाराजांनी तो १६६४ मध्ये बांधायला घेतला. पाणी म्हटल्यावर धाकटे कंपू खूश. लोहगड घ्या, विंचूकाट्याची लांब नागमोडी सोंड मुलांच्या हाताला छान वळवता येते. जरा मोठ्या मुलांसाठी राजगड, बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, म्हणजे चार मुलांना चार विभाग वाटून देता येतात आणि भांडण कमी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. लोहगड, राजगड, सिंधुदुर्ग तिन्ही त्यात आहेत. थोरलीच्या वर्गातल्या एका मुलाने ठरवलंय की दरवर्षी एक करायचा. म्हणजे कॉलेजपर्यंतची सोय झाली.

जमलं तर दिवाळीआधी एक किल्ला प्रत्यक्ष दाखवा. लोहगडाला पायऱ्या आहेत, लहान मुलं चढतात. तिथून आल्यावर थोरलीने स्वतःहून दरवाजा वळणावर लपवला. तो सरळ समोर का नसतो ते तिच्या पायांना कळलं होतं.

मुलाला किल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवायचंय.

ठेवू द्या. माझ्या भावाच्या किल्ल्यावर १९९४ साली ट्रक होता.

आकाशकंदील घरी करणं जमेल का?

बांबूच्या काड्यांचा सांगाडा मुलांना अवघड जातो, काड्या टोचतात. सांगाडा तयार आणा किंवा तुम्ही बांधा. पतंगी कागद चिकटवणं आणि झिरमिळ्या कापणं मुलांकडे. डिंकाऐवजी कणकेची किंवा मैद्याची खळ शिजवा. कागदाला सुरकुत्या पडतात, पण बोटं तोंडात गेली तरी भीती नाही. आत एलईडीचाच दिवा लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो.

फराळात मुलांची मदत घ्यावी की ती झोपल्यावर करावा?

दोन्ही. तळण झोपल्यावर किंवा शाळेच्या वेळात, कढईजवळ मूल नकोच. लाटणं, कातणं, वळणं त्यांच्यासोबत. शंकरपाळ्यांना कातणं फिरवायला मिळालं की चार वर्षांचं मूल तासभर नादात राहतं. आकार विचारू नका.

करंज्यांचं एक सांगते. मुलांनी भरलेल्या करंजीची कड नीट मिटत नाही, ती तेलात उघडते, सारण बाहेर येऊन जळतं आणि पुढचा सगळा घाणा काळपट होतो. म्हणून मुलांच्या करंज्या वेगळ्या ताटात ठेवा आणि सगळ्यांत शेवटी तळा. पाहुण्यांना वाढताना त्यातली एक तरी वाढायची, आणि कोणी केली ते सांगायचं.

पहाटेच्या अंघोळीला उठवावं का?

पाच वर्षांखालच्याला अंधारात उठवून रडवण्यात काय हशील? सातला उठू दे, तेल लावा, ऊन पाणी घाला, तेच अभ्यंग. उटणं आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. नागरमोथा, कचोरा, संत्र्याची साल यातलं काय कुणाला झोंबेल सांगता येत नाही. बाळाला नकोच.

कोकणात आणि गोव्यात अंघोळीनंतर तुळशीसमोर पायाने कारीट फोडतात, नरकासुर म्हणून. चव इतकी कडू की जिभेला बोट लावलं तरी चेहरा वाकडा होतो. आमच्या कोकणातल्या शेजाऱ्यांनी धाकट्याला एक दिलं. फट्कन फुटलं, बिया उडाल्या, आणि तो म्हणाला, “अजून नरकासुर आहेत?” गोव्यात तर पहाटे नरकासुराचे मोठमोठे पुतळे जाळतात. ते बघायला न्यायचं असेल तर लक्षात ठेवा, आवाज आणि आगीने छोटी मुलं घाबरतात. लांबून दाखवा.

फटाके?

आम्ही फुलबाज्यांवर थांबलो, पाच मिनिटांत संपतात. मुलाच्या अंगात सुती कपडे, पायात चप्पल, शेजारी पाण्याची बादली. विझलेल्या फुलबाजीची तार लाल नसली तरी भाजते, ती थेट बादलीत. चुकून भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. फोड आला किंवा चेहऱ्यावर, हातावर भाजलं तर डॉक्टर.

निरुपद्रवी म्हणून मुलांच्या हाती नागगोळी देणाऱ्यांनी ऐकावं : पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सूक्ष्म धूलिकण सगळ्यांत जास्त निघाले ते नागगोळीतूनच. आणि मूल तिच्यावर वाकून बघत असतं.

एकुलतं एक मूल आहे. भाऊबीज?

चुलत, मावस, आते, मामे, शेजारचं, कुणीही. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणून तो पोरांचा चांदोमामा. हे सांगितल्यावर थोरलीने हिशेब मांडला, “मग त्याने किती जणींना ओवाळणी द्यायची?”

आम्ही परदेशात आहोत. यातलं काय जमेल?

भोंडला सगळ्यांत सोपा, त्याला माणसं आणि एक पाट पुरतो. शनिवार-रविवारी घाला, तिथीचा आग्रह नको. आपट्याची पानं सामानातून नेऊ नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये पानं-बियांबाबत नियम फार कडक आहेत. सोनेरी कागदाची कापा, मुलं आनंदाने कापतात. माझी मामेबहीण मेलबर्नला असते. तिथे ऑक्टोबरात वसंत. तिची मुलं अंगणातल्या नव्या पालवीत किल्ला करतात आणि अळीव तीन दिवसांत उगवतात म्हणून मला चिडवतात. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीकडे हॅलोवीनचा कोरलेला भोपळा आणि आकाशकंदील एकाच ओसरीवर असतात. तिला कुणी हसतं, तिचं तिकडे लक्ष नसतं. भोपळ्याच्या गराचे घारगे करते.

किल्ला कधी मोडायचा?

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा. कार्तिक द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लग्न लावता येतं, त्यामुळे सुट्टीचा दिवस सापडतो. उसाचा मांडव, चिंचा-आवळे-बोरं, अंतरपाट धरायला दोन मुलं, अक्षता टाकायला बाकीची. आमच्याकडे धाकट्याने मंगलाष्टक संपायच्या आधीच सगळ्या अक्षता नवऱ्या मुलाच्या डोक्यावर रिकाम्या केल्या आणि विचारलं, “आता तुळस सासरी जाणार?” कुणीतरी गमतीत हो म्हणालं. रात्री तो दोनदा उठून गॅलरीत बघून आला.

दुसऱ्या दिवशी किल्ला मोडला. मावळे धुऊन, जुन्या सुती पंच्यात गुंडाळून डब्यात. दगड परत खाली. माती तुळशीच्या कुंडीत घातली. आता तिथे कधीमधी एखादं अळिवाचं रोप वर येतं आणि धाकटा ते कुणाला उपटू देत नाही.